सुनेची दोन नावे आणि व्हिसाचा एक शिक्का

रत्नागिरीच्या माणसाने मुंबईला जाऊन यावे यात लिहिण्यासारखे काही नाही. आमच्या आळीत तेवीस घरे आहेत आणि त्यांपैकी सतरा घरांतला कोणी ना कोणी मुंबईलाच असतो. पण एकतीस सालच्या वैशाखात मी गेलो तो सुनेला जर्मनीला धाडण्याच्या कागदांसाठी, आणि परत आल्यापासून रस्त्यात भेटेल तो त्याबद्दल विचारतो. प्रत्येकाला सांगताना एखादी गोष्ट राहून जाते. तेव्हा एकदाच क्रमाने लिहून ठेवतो. ज्यांना पुढे आपली मुले किंवा सुना परदेशी शिकायला धाडायच्या असतील त्यांच्या हे उपयोगी पडावे.

मी मोजणी खात्यातला. अठ्ठावीस वर्षे सडे, खाचरे आणि आंब्याच्या बागा साखळीने मोजण्यात गेली. माझा मुलगा विष्णू मामलेदार कचेरीत आहे. त्याची बायको इंदिरा, वय तेवीस, मुलींच्या शाळेत अगदी लहान वर्गाला शिकवते. जर्मनीत अशा लहान मुलांना शिकवण्याचे शिक्षण देणारी एक संस्था आहे, तिथे तिने अर्ज केला आणि एक वर्षासाठी तिला जागा मिळाली. बोटीचा आणि राहण्याचा खर्च मुंबईच्या एका धर्मादाय निधीने पत्करला. विष्णूला जमाबंदीच्या दिवसांत रजा मिळेना, म्हणून तिच्याबरोबर मी निघालो.

पासपोर्ट म्हणजे आपण जावे असे आपल्या सरकारने दिलेले पत्र, आणि व्हिसा म्हणजे यावे असा त्यांच्या सरकारने त्यावर मारलेला शिक्का. पहिला आमच्या हातात आला होता. त्याचा अर्ज मी स्वतः भरला होता आणि उंचीच्या रकान्यासाठी इंदिरेला दाराच्या चौकटीशी उभी करून फितीने मोजले होते. पाच फूट दीड इंच. दुसरा मुंबईत जर्मन वकिलातीत मिळायचा होता. एकूण अकरा कागद होते. निघण्यापूर्वी मी ते तीनदा तपासले. जन्मतारीख, परीक्षांची साले, वजन, उंची, सगळे जुळत होते. संस्थेचे पत्र जर्मन भाषेत होते. त्यातले मला वाचता आले ते फक्त आकडे, आणि आकडे बरोबर होते.

रत्नागिरी बंदर

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला चौदा दिवस उरले होते. इंदिरेची मोठी बोट मुंबईहून पुढल्या आठवड्याच्या शनिवारी सुटणार होती. म्हणजे कागदांचे काम, तिला बोटीवर बसवणे आणि शेवटच्या आगबोटीने माझे परतणे हे सगळे त्यात बसायला हवे होते. मी हिशेब केला तेव्हा तीन दिवस शिल्लक पडत होते.

बंदरावर आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढायच्या आधी आमच्या घरातून, म्हणजे तिच्या सासूकडून, इंदिरेच्या हातात तांदळाची पुरचुंडी दिली गेली. घरच्या खाचरातले तांदूळ, चांगले ओंजळभर.

"तिकडं पहिल्यांदा भात शिजवशील त्यात चार दाणे टाक," सासू म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही. तिथं तिला बोलू द्या. मध्ये मध्ये आकडे सांगत बसू नका."

इंदिरा पदर तोंडाला लावून हसली. विष्णू दोन पावले दूर उभा होता. पडाव सुटल्यावर मात्र धक्क्याच्या टोकापर्यंत चालत आला आणि तिथेच उभा राहिला. मागे पाहिले तेव्हा धक्क्यावर इतर माणसांची ये-जा चालू होती, तो एकटा हलत नव्हता.

बोटीवर

बोट आंब्यांनी भरली होती. पेट्यांमधून बसायला जागा काढावी लागली आणि दिवसभर गवताचा व पिकल्या आंब्याचा वास अंगाला चिकटून राहिला. जयगडला एक म्हातारी सुक्या मासळीची टोपली घेऊन चढली आणि आमच्या वळकटीला टेकून बसली.

"कुठं गो चाललीस?" तिने इंदिरेला विचारले.

"जर्मनीला, आजी."

"ता मुंबैच्या अलीकडं काय पलीकडं?"

"खूपच पलीकडं."

"आणि घो?"

"ते घरी. हे माझे सासरे, पोचवायला आलेत."

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "सासरा सुनंला परमुलखात पोचवतो!" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं मला विहिरीपतुर पण कधी एकटी सोडलान नाय." मग टोपलीतून मूठभर सुके बोंबील काढून कागदात बांधून दिले. "तिकडं भाजून खा. वास आला तर शेजारची विचारतील तरी, कुठनं आलीस म्हणून."

अंजनवेलचा किल्ला मागे टाकून बोट दाभोळला लागली तेव्हा किती पेट्या चढतात ते मी कठड्यावरून वाकून मोजत होतो. दोनशे बारा झाल्या आणि काखेतली छत्री समुद्रात गेली. दोनशे बारा हा आकडा त्यामुळे पक्का आहे. पुढचे मोजले नाही. इंदिरा म्हणाली, "मामंजी, सासूबाईंना सांगू नका. मी पण सांगणार नाही." दशम्या आणि फणसाची साटे खाऊन झाली, हर्णै गेले, आणि दिवेलागणीनंतर आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो.

गिरगाव

इंदिरेचे माहेर पूर्णगडचे. तिचे वडील तिथे शाळामास्तर, आणि तिचे काका परदेशी जाणाऱ्या जहाजांवर खलाशी आहेत. दोन सफरींच्या मध्ये ते गिरगावातल्या एका चाळीत गावच्या आठ जणांबरोबर एका खोलीत राहतात. तिसरा मजला, बासष्ट पायऱ्या. इंदिरेची सोय शेजारच्या बिऱ्हाडात केली होती. मुंबईत अर्धा नारळ विकत मिळतो हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. उरलेला अर्धा दुसऱ्या कुणाच्या आमटीत जातो. आमच्याकडे नारळ फोडला की तो त्या घरातच संपतो.

काका हँबुर्ग बंदराला तीनदा लागलेले. पहिल्या रात्री तेच बोलत होते.

"यमे, थंडी म्हणशील तर बोलायला तोंड उघडलं की धूर निघतो. भात मिळतो, पण त्यात दूध आणि साखर घालतात. वर दालचिनी."

"म्हणजे खीर की, काका."

"खीर नाय गो. खिरीचा अपमान."

ते तिला यमी म्हणत होते हे माझ्या कानावर पडत होते, पण त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. माहेरची माणसे माहेरच्या नावानेच हाक मारणार.

वकिलातीत

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही वकिलातीत गेलो. साहेब चाळिशीचे, उंच, चष्मा लावलेले, बोलायला सौम्य. त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून एक मराठी कारकून बसत. अकरा कागद मी क्रमाने मांडले. साहेबांनी पासपोर्ट पाहिला, संस्थेचे पत्र पाहिले, पुन्हा पासपोर्ट पाहिला आणि कारकुनांना काही म्हणाले.

"साहेब विचारतात, बाई कुठं आहेत?"

"ह्या काय, समोर बसल्यात."

"ह्या इंदिराबाई नेवरेकर. यमुनाबाई गावखडकर कुठं आहेत?"

"ह्याच."

"मग इंदिराबाई?"

"त्याही ह्याच."

कारकुनांनी कपाळाला हात लावला नाही एवढेच. झाले होते ते असे. इंदिरेची सगळी प्रमाणपत्रे लग्नाआधीची, यमुना या नावाची. संस्थेने प्रमाणपत्रावरचे नाव लिहा असे कळवले म्हणून तिने अर्जात तेच लिहिले, आणि जागा मिळाली ती यमुना गावखडकर हिला. पासपोर्टचा अर्ज भरला मी. मी आमच्या सुनेचे नाव लिहिले. दोन्ही कागद आमच्या घरात एकाच पेटीत अडीच महिने होते, आणि ही दोन माणसांची नावे आहेत असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही. बागेच्या हद्दीत एक हाताचा फरक असेल तर मला झोप लागत नाही. इथे अख्खे माणूस जुळत नव्हते आणि मला ते दिसले नव्हते.

"मी गुहागरचा आहे हो, मला कळतं," कारकून हळू आवाजात म्हणाले. "आडनाव बदलतं तेही साहेबांना कळतं, त्यांच्याकडंही बदलतं. पण आईबापांनी ठेवलेलं नाव कोण बदलतो, असं विचारतायत."

"इंदिरा उर्फ यमुना असं लिहून घ्या की. आमच्या उताऱ्यांवर चालतं."

"उर्फला इंग्रजीत जो शब्द आहे ना, तो पोलीस चौकीत जास्त चालतो. शिकायला चाललेल्या बाईच्या नावापुढं तो लिहिलात तर शिक्का राहील बाजूला, चौकशी सुरू होईल."

साहेबांचे म्हणणे सरळ होते. संस्थेकडून पासपोर्टातल्या नावाचे नवे पत्र आणावे, नाहीतर दोन्ही नावांची बाई एकच आहे असा पुरावा द्यावा. टपालाला जाऊन येऊन निदान पाच आठवडे लागतात आणि तारेवर सही येत नाही. बोटीला अकरा दिवस होते. बोट चुकली तर निधीने काढलेले तिकीट जाणार, वर्गातली जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार. माझे शिल्लक तीन दिवस कुठेच पुरत नव्हते.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे इंदिरा म्हणाली, "चूक माझी आहे, मामंजी. अर्ज मी केला होता."

"अर्ज तू केलास. नाव मी बदललं," मी म्हणालो.

ते खरेच होते. लग्नात वधूचे नाव बदलायचे ही आपली रीत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो. विष्णूने लिहिले, पण काय लिहायचे ते मी सांगितले होते. माझ्या घरातल्यांचे, म्हणजे इंदिरेच्या सासूचे, नाव यमुना. एका घरात दोन यमुना म्हणजे हाक मारायची पंचाईत, म्हणून सुनेची इंदिरा केली. या विचाराला मला तेव्हा एक विडा लावण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

शपथ

काकांना सांगितले तेव्हा ते आधी हसले.

"व्याहीबुवा, जहाजाच्या दाखल्यावर माझं नाव गावकर पडलंय. सायबाला आडनाव लांब वाटलं, त्यानं मधनं कापलं. बावीस वर्सं मी गावकर हाय. पगार घेताना कोण मी, असं मी कदी विचारलं नाय."

"पण तुम्हाला बोटीवर घेतात. हिला घेत नाहीत."

तेव्हा काका उठले, ठेवणीतला कोट काढला आणि म्हणाले, "मी व्हतो लग्नाला. पहिल्या पंगतीला बसलो व्हतो. चला, कुठं सांगायचं ते सांगतो."

पुढल्या दिवशी वकिलाकडून शपथपत्र लिहून घेतले. मजकूर मीच सांगितला. आमच्या खात्यात जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर चढते तेव्हा फेरफार लिहितात. जुने नाव, नवे नाव, आणि बदलाचे कारण. तसेच सांगत गेलो. कारणाच्या ओळीला आलो आणि अडखळलो. वकील लेखणी धरून थांबले होते.

"लिहा," मी म्हणालो, "माझ्या पत्नीचे नाव यमुना असल्यामुळे."

मॅजिस्ट्रेटासमोर मी आणि काकांनी शपथ घेतली. तारखा, वार, लग्नाचा मुहूर्त, सगळे मला पाठ होते. या कामात एवढाच काय तो माझ्या आकड्यांचा उपयोग झाला.

पुन्हा वकिलातीत

गुरुवारी दुपारी तीनला आम्ही तिघे गेलो. आत शिरताच काका छाती काढून साहेबांना "गुटन मॉर्गन" म्हणाले. कारकुनांनी खालच्या मानेने सांगितले की ते सकाळी म्हणतात. साहेबांनी मात्र उठून काकांशी हात मिळवला आणि तेही "गुटन मॉर्गन" म्हणाले.

त्यांनी शपथपत्र दोनदा वाचले.

"हा बदल कुठल्या दप्तरात नोंदला आहे, असं साहेब विचारतात."

"दप्तरात नाही. तांदळात लिहितात," मी म्हणालो.

कारकुनांनी ते सांगितले. साहेबांनी ते पुन्हा सांगायला लावले. मी ताटाचे माप, तांदळाचे प्रमाण सांगायला तोंड उघडले आणि बंदरावरचे शब्द आठवून मिटले.

इंदिरेने पिशवीतून सासूची पुरचुंडी काढली. साहेबांच्या टेबलावर भेटायला येणाऱ्यांची कार्डे ठेवायचे पितळी तबक होते. तिने विचारून ते रिकामे केले, त्यात तांदूळ ओतले आणि तळहाताने सारखे केले. बोटातली अंगठी काढली, ती चिमटीत धरून हळूहळू तीन अक्षरे काढली. इंदिरा. मग ती इंग्रजीत साहेबांशी स्वतःच बोलली. हे नवऱ्याने लिहायचे, आणि ते लिहून झाले की त्या क्षणापासून घरातले सगळे त्या नावाने हाक मारतात. तिने तळहात फिरवला. तबकात पुन्हा नुसते तांदूळ होते.

साहेबांनी तबक स्वतःकडे ओढून पाहिले. मग त्यांनी जे विचारले ते कारकुनांनी मला सांगताना माझ्याकडे पाहिले नाही.

"साहेब विचारतात, नाव बदलताना बाईंना विचारलं होतं का?"

शपथेवर सांगितलेल्या गोष्टीत मागाहून भर घालताना माणसाने खोटे बोलू नये.

"नाही," मी म्हणालो. "असा रकाना आमच्याकडे नाही."

साहेबांनी मान हलवली आणि प्रश्न इंदिरेकडे वळवला. शिक्क्याजवळ कुठले नाव लिहू? तिने काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले ती माझ्याकडे पाहून इंदिरा म्हणणार.

"दोन्ही," ती म्हणाली. "परीक्षा पास झाली ती यमुना. तिला मागं ठेवून मी कशी जाऊ? आणि मला इथवर घेऊन आले ते इंदिरेचे सासरे आहेत."

काकांनी कोटाच्या बाहीने नाक पुसले. साहेबांनी लेखणी उचलली. इंदिरा नेवरेकर, जन्माचे नाव यमुना गावखडकर, अशी ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि खाली शिक्का मारला. संस्थेला दाखवायला त्याच मजकुराचे वेगळे पत्रही दिले. तांदूळ पुरचुंडीत परत भरताना चार-पाच दाणे टेबलाच्या फटीत राहिले. कारकून म्हणाले, "राहू दे हो. गुहागरच्या माणसाला तेवढाच आधार."

जाणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे: घरातून निघण्यापूर्वी आकड्यांच्या आधी नावे तपासावी. विशेषतः बायकांची.

परत

दुसऱ्या शनिवारी इंदिरा बोटीवर चढली. पुण्याच्या दोन शिक्षिका त्याच बोटीने चालल्या होत्या. इटलीच्या बंदरापर्यंत बोट आणि पुढे आगगाडी. तिने मला वाकून नमस्कार केला. "यमुना, जपून जा," असे माझ्या तोंडातून निघाले. लग्नानंतरच्या दोन वर्षांत मी तिला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. ती हसली आणि शिडी चढली. काका धक्क्यावरून ओरडले, "यमे, खीर म्हणू नको गो त्याला!"

मी हंगामाच्या शेवटच्या आगबोटीने परतलो. बोट रिकामी होती, आंबे संपत आले होते, मोजायला काही नव्हते. तेव्हा मनात आले की घरातल्यांचे यमुना हे नावसुद्धा तांदळातलेच. एकोणतीस वर्षांपूर्वी अंगठीने ते मीच लिहिले होते. म्हणजे एका मुलीचे जन्माचे नाव काढून घेतले ते दुसरीवर घातलेले नाव सांभाळण्यासाठी. मग लग्नाआधी त्या दुसरीचे नाव काय होते? ते मला आठवेना. जिल्ह्यातल्या कितीतरी जमिनींचे नंबर मी झोपेत सांगेन. हर्णैपासून जयगडपर्यंत प्रयत्न केला, ते एक नाव आले नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळी हकीकत सांगितली. तांदळाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "बरं झालं दिले ते." नाव काय होते हे विचारायचे मी दोन-तीनदा ठरवले. पण एकोणतीस वर्षांनी बायकोला नाव कसे विचारायचे, याची लाज वाटून राहिलो. छत्री कुठे गेली हे तिने विचारले, तेही मी नीट सांगितले नाही.

जर्मनीचे पहिले पत्र श्रावणात आले. मी पडवीत बसलो होतो. पोस्टमन पाकीट हातात उलटसुलट करत होता.

"नेवरेकर, पत्ता तुमचा आहे, पण नाव भलतंच. सौभाग्यवती आवडीबाई. कोण हो ह्या?"

पाकिटावर इंदिरेचे अक्षर होते. मी पुन्हा वाचले. "अक्षर आमच्या सुनेचं आहे," मी म्हणालो, "पण आवडी असं आमच्या घरात कुणी नाही."

स्वयंपाकघरातला पाट्याचा आवाज थांबला. ती ओले हात पदराला पुसत दारात आली आणि पोस्टमनपुढे हात केला.

"आहे," ती म्हणाली. "द्या इकडे."